महामार्गाच्या रात्रीच्या कामाला ना हरकत द्यावी का? माझं मत: सरसकट नको

पडवीकर

आमची वाडी संगमेश्वर तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गाला अगदी लागून. चौपदरीकरणाच्या ठेकेदाराचं पत्र ग्रामपंचायतीत आलंय. फेब्रुवारी ते मे अखेर रात्री दहा ते सकाळी सहा काम करायचं आहे, तरी ना हरकत दाखला मिळावा, एवढाच मजकूर. कुठली यंत्रं लावणार, कुठल्या टप्प्यात, सलग किती रात्री, त्रास झाला तर फोन कुणाला करायचा, यातलं काहीच त्यात नाही. ग्रामसभा तोंडावर आलीय आणि वाडीत सरळ दोन तट पडलेत. एक म्हणतो देऊन टाका, दुसरा म्हणतो पत्र परत पाठवा.

मला दोन्ही पटत नाही. रात्रीचं सगळं काम सारखं नसतं. काँक्रीट ओतण्याचा आवाज वेगळा आणि कातळ फोडण्याचा वेगळा. पत्रात दोन्ही एकाच ओळीत बसवलेत, खरी अडचण तिथे आहे. कामागणिक, यंत्रागणिक आणि तारखेगणिक परवानगी मागितली तर मी स्वतः ग्रामसभेत हात वर करीन.

मागे काही रात्री कुणालाही न विचारता डोंगराच्या कटिंगमध्ये ब्रेकर, म्हणजे कातळ फोडणारं यंत्र, चालवला होता. आमची घरं जांभ्याची, कौलारू. भिंत आणि वासे यांच्यामध्ये वारा खेळावा म्हणून फट ठेवलेली असते. खिडक्या लावा नाहीतर दारं, आवाज वरून आत येतोच. शेल्फावरच्या लोणच्याच्या बरण्या एकमेकींना लागून किणकिणत होत्या. शेजारच्या आजी ब्रेकर थांबला की आडव्या व्हायच्या, डोळा लागतो न लागतो तोच तो पुन्हा सुरू. सकाळी विचारायला गेलो तर साईटवर उत्तर द्यायला कुणी नाही. पुढे मार्च लागला की निम्मी वाडी उकाड्यामुळे पडवीत झोपते, आणि याच दिवसांत दहावी-बारावीच्या परीक्षा असतात.

तुमच्या गावांतून हे काम झालं असेल तर काय ठरवलं होतं ते सांगा. विरोधी मत असेल तर तेही मोकळेपणाने मांडा, ग्रामसभेत सगळंच वाचून दाखवणार आहे.

हातखंबा तिठा

पडवीकर, मी तुमच्या पूर्ण विरोधात आहे.

पनवेल-इंदापूर टप्प्याचं काम 2011 मध्ये सुरू झालं. तेव्हा पहिलीत असलेली मुलं आज नोकरीला लागली, आपण अजून डायव्हर्जनवरूनच जातोय. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, त्यात एसटीच्या गाड्याही गेल्या. त्यानंतर सरकारने मनावर घेतलं आणि जून 2017 मध्ये नवा पूल सुरू झाला. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. बाकीच्या रस्त्याला तो नेट कधी लागलाच नाही.

मी रुग्णवाहिका चालवतो. बाळंतपणाची बाई मागे असताना खडीच्या डायव्हर्जनवरून गाडी न्यायची वेळ येते तेव्हा काय होतं ते मला विचारा. हळू चालवावी तर वेळ जातो, जोरात न्यावी तर तिला सोसवत नाही. एका पावसाळ्यात काम अडकलं की ऑक्टोबरपर्यंत सगळं ठप्प, आणि या चार महिन्यांतच आपण अटी घालत बसलो तर पुढचे गणपतीही चिखलातून जाणार. चार महिने झोप मोडली तरी चालेल, पण रस्ता होऊ दे. एकही अट न घालता ना हरकत द्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायदा आधी

दोघांनाही एक विचारतो. ग्रामपंचायतीला हा अधिकार दिला कुणी?

ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे रात्र म्हणजे दहा ते सहा. 2010 च्या दुरुस्तीने त्यात नियम 5अ आला. निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात रात्रीच्या वेळी आवाज करणारी बांधकाम यंत्रं चालवायची नाहीत, असं तिथे साफ लिहिलंय. निवासी भागाची रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. या नियमांतलं प्राधिकरण म्हणजे जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त, किंवा नेमलेला असा अधिकारी जो उपअधीक्षकाच्या दर्जाखालचा नाही. सरपंच त्यात कुठेच बसत नाहीत. मर्यादेपेक्षा आवाज 10 डेसिबलने किंवा जास्त वाढला तर कुणीही त्या प्राधिकरणाकडे तक्रार करू शकतो.

ठेकेदाराला तुमचा दाखला हवाय तो फाईलला लावायला. उद्या कुणी तक्रार केली की तो कागद पुढे करून म्हणणार, गावाची संमती होती. म्हणून माझं मत: ना हरकत देऊच नका, अटी घालूनही देऊ नका. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करा म्हणावं, आणि गावाचं म्हणणं तिथे लेखी द्या.

हातखंबा तिठा

म्हणजे परत फाईल रत्नागिरीला, आणि मे संपला.

साईटवरचा

मी दुसऱ्या एका टप्प्यावर काम करतो, तुमच्या ठेकेदाराशी माझा संबंध नाही. आमची बाजू कुणी मांडत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

काँक्रीट रात्री ओतावं लागतं, आणि त्याला कारण आहे. एप्रिल-मेच्या उन्हात ओतलं तर वरचं पाणी भराभर उडतं आणि पृष्ठभागाला बारीक भेगा पडतात. त्याच भेगा पुढे रस्ता खातात. शिवाय दिवसा ट्रान्झिट मिक्सर, म्हणजे काँक्रीट आणणारा फिरत्या टाकीचा ट्रक, वाहतुकीत अडकला तर आतला माल आवळायला लागतो. काँक्रीट पसरणारं यंत्र, पेव्हर, एकदा सुरू झालं की मध्येच थांबवता येत नाही.

आता सहसा लोकांना माहीत नसलेली गोष्ट. काँक्रीट ओतल्यावर काही तासांतच त्यात कटरने सांधे कापावे लागतात. उशीर झाला तर स्लॅब स्वतःच हवा तिथे तडकतो. उन्हाळ्यात हा वेळ फार कमी मिळतो. सकाळी-दुपारी ओतलं तर कटर संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत चालवावा लागतो, आणि कटरचा तो कर्कश आवाज ओतण्याच्या आवाजापेक्षा कितीतरी वाईट. रात्री ओतलं तर कापणं दिवसा येतं. म्हणजे रात्रीचं ओतणं बंद केलंत तर काही वेळा तुमच्याच कानाला जास्त त्रास.

ब्रेकरच्या बाबतीत मात्र मी पडवीकरांच्या बाजूने आहे. पोकलेनला लावलेला ब्रेकर 15 मीटरवर साधारण 90 डेसिबल देतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल कमी होतात. हिशोब करा: 30 मीटरवर 84, 60 वर 78, 120 वर 72. सव्वाशे मीटरवरच्या घराला 72 म्हणजे झोप विसरा. कातळ फोडणं दिवसा सहज जमतं, त्याला ना उन्हाचा प्रश्न ना मिक्सरचा. रात्री ब्रेकर लावतात तो फक्त मागे पडलेला कार्यक्रम भरून काढायला.

कायदा आधी

साईटवरचे, तुमचाच हिशोब पुढे न्या. ट्रान्झिट मिक्सर 15 मीटरवर किती?

साईटवरचा

79 च्या आसपास. साठ मीटरवर 67 पडतील. 45 च्या वरच आहे, ते मी नाकारत नाही. घराच्या बाजूला पत्र्याचा किंवा मातीचा आडोसा केला आणि यंत्र नजरेआड गेलं तर 5 डेसिबल तरी कमी होतात, नीट बांधला तर आणखी. जनरेटर बंदिस्त खोक्यातला असला तर नियमानेच 1 मीटरवर 75 च्या आत लागतो, पण साईटवर त्याची दारं उघडी टाकून ठेवतात. डंपरच्या रिव्हर्स हॉर्नलाही पर्याय आहे. टोकदार पी-पीऐवजी खरखरीसारखा आवाज देणारे हॉर्न मिळतात, ते मागे उभ्या माणसाला ऐकू येतात आणि दूरवर कमी पोचतात. आणि डंपरला वळायला गोल जागा ठेवली तर मागे घ्यावाच लागत नाही. यातलं काहीही खर्चिक नाही. सांगणारा कुणी नसतो म्हणून होत नाही.

उपकेंद्राची ताई

साईटवरच्या दादांनी आकडे दिले, मी माणसं सांगते. आमच्या उपकेंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला येणाऱ्यांत म्हातारी माणसं जास्त, कारण तरुण सगळे मुंबई-पुण्याला. रस्त्यालगतच्या वाडीतल्या आज्या-आजोबा काम चालू असलेल्या दिवसांत येतात ते रात्र जागून आलेले असतात. गोळी चुकवलेली नसते तरी रक्तदाब चढलेला. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये युरोपसाठी रात्रीच्या आवाजाची शिफारस केली, घराबाहेर 40 डेसिबल. आपण 67 ला कमी म्हणतोय.

हातखंबा दादा, त्या बाळंतिणीला दवाखान्यात नेणारे तुम्ही, पण ती तान्हं घेऊन परत याच वाडीत येते. तिच्या झोपेचाही विचार करा.

शाळा आणि दवाखान्याच्या भोवती 100 मीटर शांतता क्षेत्र असतं ना? आमचं उपकेंद्र त्यात बसतं का, कुणी सांगेल का?

कायदा आधी

ताई, पूर्वी ते आपोआप लागू समजलं जायचं. 2017 मध्ये केंद्राने दुरुस्ती केली, आता राज्य सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय ते क्षेत्र शांतता क्षेत्र ठरत नाही. वाडी निवासी भाग म्हणून वर्गीकृत आहे का आणि उपकेंद्राभोवती अधिसूचना आहे का, हे दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी मागवा. सगळ्या वादाची कळ तिथे आहे.

कुडाळकार

आमच्या सिंधुदुर्गातलो रस्तो कधीच पुरो झालो. रातचो आवाज आमीव सोसलो. आता कुडाळसून कणकवलीक कधी पोचतंय ता समाजणा नाय. तुमी लवकर पुरो करून घेवा, मगे झोपा.

कलमवाला

कुडाळकार, तुमचा रस्ता झाला याचा आनंद आहे, पण आमच्याकडे फेब्रुवारी ते मे हाच आंब्याचा हंगाम. गडी पहाटे काढणीला जातात, दिवसभर उन्हात पेट्या भरतात. रात्री झोप झाली नाही तर दुसऱ्या दिवशी माणूस झाडावर आंबे काढायचा झेला घेऊन चढणार कसा? फांदीवरून पडलेला गडी मी पाहिलाय. धुळीचं तर बोलतच नाही, मोहोरावर बसते ती.

माझा प्रश्न वेगळा आहे. रात्रीचं काम वाहतुकीसाठी हवं म्हणतात. मग 2022 च्या एप्रिल-मेमध्ये परशुराम घाटात काय केलं? दुपारी 12 ते 5 घाट बंद ठेवला, हलकी गाडी आंबडस-चिरणी मार्गे लोट्याकडे वळवली आणि दिवसाउजेडी डोंगर कापला. दरडीचा धोका होता म्हणून दिवसा काम करायला लावलं. वाहनं थांबली, लोकांनी सहन केलं. जिवाच्या धोक्यासाठी वाहतूक थांबवता येते, मग ब्रेकरसाठी दुपारचे तीन तास एक लेन का थांबवता येत नाही? प्रत्येक वेळी रस्त्यालगतच्या घरानेच का सोसायचं, आणि गाडीतल्या माणसाने अजिबात का नाही?

रातराणी ड्रायव्हर

गाडीतल्या माणसाच्या बाजूने बोलतो. मी रात्रीच माल घेऊन जातो. रात्रीच्या साईटवर मला आवाजाचा नाही, उजेडाचा त्रास आहे. दिव्याचे खांब रस्त्याकडे तोंड करून लावतात, समोरचं काही दिसत नाही, आणि पन्नास पावलांवर डायव्हर्जनचं वळण. फलक असतो तो धुळीने माखलेला. अटी घालणार असाल तर दिवे खाली वळवा, हीही घाला. वाडीच्याही डोळ्यांवर तोच झोत येतो.

पडवीकर

सगळ्यांचं वाचलं. हातखंबा दादा, तुमची घाई मला मान्य आहे. पण बिनशर्त दाखला दिल्याने काम लवकर होईल असं कुठे दिसलं नाही. ब्रेकरच्या त्या रात्रींनंतर वाडीतल्या पोरांनी डंपर अडवला आणि दुपारपर्यंत साईट बंद होती. आधी सांगून, विचारून काम केलं तर अडवायला कुणी जात नाही.

कायदा आधी यांचं म्हणणं धरून आम्ही दाखला हा शब्दच वापरणार नाही. ठराव असा मांडतोय: ग्रामपंचायत परवानगी देत नाही, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा, आणि तिथे गावाचं लेखी म्हणणं जोडावं. म्हणण्यात एवढं असेल. ब्रेकर आणि कटर संध्याकाळी सातनंतर बंद. काँक्रीट रात्री ओतायला हरकत नाही, पण कुठल्या रात्री ते आठवडाभर आधी फलकावर आणि वाडीच्या ग्रुपवर. सलग तीन रात्रींनंतर एक रात्र शांत. बोर्डाच्या पेपरच्या आदल्या रात्री काम नाही. घरांच्या बाजूला आडोसा, जनरेटरची दारं बंद, दिवे खाली. आणि रात्री फोन उचलणारा एक माणूस, नाव आणि नंबरासकट. कलमवाल्यांचा दुपारी एक लेन थांबवण्याचा मुद्दाही घातलाय.

साईटवरचा

सात वाजता कटर बंद ही अट काढा. संध्याकाळी चारला शेवटचा माल पडला तर सांधे रात्रीच कापावे लागतील, नाहीतर स्लॅब वाया. त्याऐवजी वाडीसमोरच्या पट्ट्यात दिवसा ओतायचंच नाही असं लिहा, म्हणजे कटर आपोआप सकाळी येईल.

पडवीकर

बदलतो. हे आमच्या डोक्यात आलं नसतं.

कायदा आधी

माझा विरोध कायम. 67 डेसिबलला गावाने स्वतःहून हरकत नाही म्हणायचं, हे मला पटत नाही. काँक्रीटचं वाक्य काढून टाका, ते काय ते जिल्हाधिकाऱ्यांना ठरवू दे.

हातखंबा तिठा

आणि माझाही कायम. पण ठराव मांडणारच असाल तर अर्जावर पंधरा दिवसांत निर्णय द्यावा, एवढी ओळ त्यात घाला. तेवढी घातलीत तर मी ग्रामसभेला येऊन ठरावाच्या बाजूने बोलेन.