लाल विंचू, प्राझोसिन आणि "सत्तरच रुग्ण" हा आक्षेप

जांभादगड: कालच्या धाग्यात 'रात्रपाळी' यांनी लिहिलंय, की लाल विंचवाच्या दंशावरची महाडची चाचणी "सत्तरच रुग्णांची, एकाच ठिकाणची, तीही उघडी (कोणाला काय दिलं हे सगळ्यांना माहीत), तिच्यावर उपचार ठरवू नयेत." वाचून गप्प बसवेना. १९८६ साली डॉ. हिंमतराव बावस्करांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाबद्दल लिहिलं. त्याआधी लाल विंचू चावलेली पोरं फुप्फुसात पाणी भरून जायची. विषाने अ‍ॅड्रेनलिनसारखी संप्रेरकं (कॅटेकोलामाइन) उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय दमतं. या संप्रेरकांचा रक्तवाहिन्यांवरचा परिणाम जिथून होतो ते अल्फा रिसेप्टर प्राझोसिन अडवतं आणि आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं. महाडची ही चाचणी, बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात २०११ साली आलेली, प्राझोसिन चालतं का हे विचारतच नव्हती. त्याच्या जोडीला प्रतिविष दिलं तर माणूस लवकर सावरतो का, एवढाच प्रश्न होता. दोन्ही गटांत ३५-३५ रुग्ण. दहा तासांत पूर्ण बरे झालेले: जोडीच्या गटात ३२, नुसत्या प्राझोसिनवर ८. एवढी दरी दिसायला आणखी किती रुग्ण हवेत?

रात्रपाळी: दरी मलाही दिसते. पण "बरा" ठरवला कशावरून? घाम थांबला, पाय गरम झाले. पायाला हात लावणाऱ्याला कोणाच्या सलाईनमध्ये प्रतिविष गेलंय हे माहीत असेल, तर माप झुकणारच. आणि सत्तर जणांत मृत्यू कमी झाले का, हे कळणं शक्य नाही.

जांभादगड: गट माहीत नसलेला दुसरा डॉक्टर तपासायला ठेवता आला असता. एवढं मान्य, पुढे एक पाऊलही नाही.

देवगडकर: कागदावरून भांडण्याआधी आरोग्य केंद्राच्या कपाटात काचेची कोरडी नळी आहे का ते बघा! फुरसं साप चावलेल्याची रक्त गोठण्याची चाचणी प्लॅस्टिकच्या नळीत करतात. प्लॅस्टिकमध्ये रक्त नीट गोठतच नाही. साबणाने धुतलेल्या काचेतही तेच होतं. मग विष नसतानाही प्रतिविषाच्या दहा बाटल्या चढतात.

रात्रपाळी: विषय विंचवाचा आहे हो.

देवगडकर: विषय उपचाराचा आहे! नवी काचेची नळी, शिरेतलं २ मिली रक्त, खाटेशेजारी २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवायची, मग एकदाच कलंडवायची. पातळ राहिलं तर प्रतिविष, आणि सहा तासांनी पुन्हा चाचणी. मधे कोणीतरी दर पाच मिनिटांनी नळी हलवून बघतो, तिथेच सगळं बिघडतं.

सावंतवाडी_वार्ड: बरोबर, पण अर्धंच. आमच्याकडे चापडा हा विषारी सापही चावतो. त्यातही रक्त गोठेनासं होऊ शकतं, आणि आपलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरच बनतं. चापड्यावर बाटल्यांमागून बाटल्या चढवून फायदा नाही, रिअ‍ॅक्शनचा धोका मात्र पदरात. साप कोणता हे न विचारता नुसत्या नळीवर विसंबणं मला पटत नाही.

देवगडकर: अंधारात कवळाच्या (तोडलेल्या पालेदार फांद्यांच्या) भाऱ्याखाली काय होतं हे रुग्णाला कसं कळणार? फुरशाच्या मुलखात रक्त गोठत नसेल तर मी थांबणार नाही. आणि प्रतिविषाआधी देतात ती त्वचेखालची टेस्ट डोस आधी बंद करा. रिअ‍ॅक्शन येणार की नाही हे तिच्यावरून कळत नाही, वेळ तेवढा जातो. रिअ‍ॅक्शनवरचं अ‍ॅड्रेनलिन इंजेक्शनात भरून ठेवा. खाज किंवा पित्त उठताच मोठ्या माणसाला मांडीच्या स्नायूत अर्धा मिग्रॅ.

सावंतवाडी_वार्ड: टेस्ट डोसवर तुमचं खरं. चापड्यावर नाही.

जांभादगड: विंचवाकडे या. नुसतं दुखत असेल तर प्राझोसिन नको, जागा बधिर करा. घाम, उलट्या, गार हातपाय, मुलग्यात लिंग ताठर, यातलं काही दिसलं की ताबडतोब द्या. किलोला ३० मायक्रोग्रॅम, तोंडावाटे. २० किलोच्या पोराला ६०० मायक्रोग्रॅम: साधी १ मिग्रॅची गोळी १० मिली पाण्यात विरघळवा, नीट हलवा, ६ मिली पाजा. हळूहळू सुटणारी एक्सएल गोळी कुटून देऊ नका. दिवसभरासाठीचं औषध एकदम सुटतं आणि रक्तदाब कोसळतो.

रात्रपाळी: मात्रेवर वाद नाही. पण पहिल्या मात्रेनंतर पोराला उचलून कडेवर घेऊ द्यायचं नाही, आडवंच ठेवायचं, हे आईला कोण सांगतं? रक्तदाब तिथेच पडतो आणि दोष औषधाला येतो. आणखी दोन ठिकाणी गट झाकून चाचणी व्हायला हवी, हे मी मागे घेत नाही.

जांभादगड: करा. प्राझोसिन मात्र दोन्ही गटांना द्या.