चर्चा: हवामान बदल आणि भूजल – विद्यापीठांनी संयुक्त गट करावेत की आपापला विषय पक्का करावा?

पाणीवही
हवामान बदल मराठवाड्यातल्या विहिरीपर्यंत कसा पोचतो, हे एकट्या कुठल्याही विभागाला सांगता येणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. इथवर हवामानशास्त्र. पुढचा प्रश्न, यातलं मुरलं किती? भूजल मूल्यांकनात झिजलेल्या बेसाल्टचं, म्हणजे मुरमाचं, स्पेसिफिक यील्ड साधारण 2 टक्के धरतात, म्हणजे खडकाच्या घनफळापैकी तेवढंच पाणी विहिरीला मिळतं. मुरमाचा पाणी धरणारा थर 10 मीटर असेल तर पूर्ण भरल्यावरही साठा 200 मिमी. त्यावर कितीही कोसळलं तरी ते ओढ्यानं वाहून जाणार.

आता पीक घ्या. उसाची गरज 2000 मिमी धरली आणि 600 मिमी थेट पावसातून भागली, तरी 1400 मिमी उरते, म्हणजे हेक्टरी 14,000 घनमीटर. वरच्या हिशेबानं एका हेक्टरखाली भरलेला साठा 2,000 घनमीटर. म्हणजे एक हेक्टर ऊस सात हेक्टरांचं भूजल पितो. आणि ऊस लावायचा की नाही हे खडक ठरवत नाही. कारखाना, पीककर्ज आणि विजेचा दर ठरवतात. म्हणून हवामान, भूजल, मृदा आणि अर्थशास्त्राचे लोक पहिल्या दिवसापासून एका गटात हवेत.

खोलविहीर
असहमत. तुम्ही ज्या निष्कर्षापासून सुरुवात केलीत, तो हवामानशास्त्रज्ञांनी आपल्याच विषयात खोल उतरून काढलेला आहे.

संयुक्त प्रकल्पांत नेहमी दिसणारी चूक सांगतो. गुरुत्वाकर्षणातल्या बदलावरून पाणीसाठा मोजणाऱ्या ग्रेस उपग्रहजोडीचा भूजल नकाशा घ्यायचा, तालुक्याच्या हद्दीनं कापायचा आणि तालुकावार स्थलांतराच्या आकड्यांशी जोडायचा. ग्रेसला विश्वासानं दिसणारं क्षेत्र एक लाख चौरस किमीपेक्षा मोठं, तर अख्खा मराठवाडा सुमारे 65 हजार चौरस किमी! शेजारच्या दोन तालुक्यांतला जो फरक नकाशावर दिसतो, तो मोजलेला नसतोच. गटातल्या भूगणितज्ञाला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाची मोजमापं जाणणाऱ्याला, हे माहीत असतं, पण लेख लिहिणारा दुसराच असतो.

दुसरं, नोकरी. सहायक प्राध्यापकपदाला ‘संबंधित किंवा संलग्न’ विषयातली पदव्युत्तर पदवी लागते. चार विषयांवर प्रबंध लिहिणाऱ्याला छाननी समिती कुठल्या रकान्यात बसवणार? विद्यार्थ्याला आधी एका विषयात पक्का करा. सहकार्य पीएचडीनंतर.

पाणीवही
ग्रेसबद्दल शंभर टक्के सहमत. पण ती चूक एकत्र आल्यामुळे होत नाही. गट उशिरा एकत्र आला आणि प्रत्येकानं आपापलं एकक आणलं, म्हणून होते. हवामान खात्याचा पाऊस 0.25 अंशाच्या चौकोनात, म्हणजे जवळपास 700 चौरस किमीवर. महावेध या राज्याच्या स्वयंचलित हवामान जाळ्याची केंद्रं महसूल मंडळावर, सरासरी दीडशे चौरस किमीला एक. पीक गावाच्या हद्दीत, पाणी पाणलोटाच्या. हे शेवटच्या वर्षी जुळवायला गेलं की सगळं तालुक्याच्या सरासरीत बुडतं.

उपाय सुरुवातीलाच करायचा. 500 ते 1000 हेक्टरांचा एकच पाणलोट घ्या. सगळ्यांचं वर्ष 1 जून ते 31 मे. पाऊस, पिकाचा वापर, पुनर्भरण (जमिनीत मुरून भूजलाला मिळणारं पाणी), उपसा, सगळं त्याच क्षेत्रावर मिमीमध्ये. प्रत्येक विहिरीला आणि बोअरला क्रमांक द्या, आणि घरोघरीच्या प्रश्नावलीतही तोच क्रमांक वापरा. विहीर सातबाऱ्यावर सापडते, बोअर पुष्कळदा सापडत नाही, म्हणून यादी शिवार फिरूनच करावी लागते. हे काम पहिल्या सहा महिन्यांत संपवा, मॉडेलला नंतर हात लावा.

अर्थमिती
यात एक भर. पंधरवड्याला विहिरीची पातळी घेताना भूजलवाले सकाळची वेळ धरतात, रात्रभर पाणी परत चढलं असेल म्हणून. पण शेतीपंपांची वीज पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी विहीर नुकतीच उपसलेली असते. त्या दोन नोंदींतला फरक मॉडेल ‘पुनर्भरण घटलं’ असं वाचतं! घरोघरी सर्वेक्षण करणाऱ्यांकडे फीडरचं, म्हणजे गावच्या वीजवाहिनीचं, वेळापत्रक असतंच. नोंदवहीत ‘पंप बंद होऊन किती तास झाले’ हा एक रकाना घातला की काम झालं.

सह्यकडा
एककाचा मुद्दा पश्चिम घाटावर लखलखीत दिसतो. घाटाच्या पर्यावरणासाठी नेमलेल्या गाडगीळ समितीनं (अहवाल 2011) सुमारे 9 बाय 9 किमीच्या चौकोनांना गुण दिले, पण संवेदनशीलतेचे टप्पे तालुक्यांना लावले. त्यानंतरच्या कस्तुरीरंगन गटानं (2013) गाव हे एकक धरलं आणि घाटाचं सुमारे 37 टक्के क्षेत्र संवेदनशील ठरवलं. दोन्हीकडे अनेक विषयांचे तज्ज्ञ, डोंगर तोच, नकाशे वेगळे. त्यामुळे अनेक विषय आणले की उत्तर आपोआप सुधारतं, हे मला मान्य नाही. एकक कोणी आणि का निवडलं, हे अहवालाच्या पहिल्या पानावर हवं.

खोलविहीर
विजेच्या पाळीचा मुद्दा मान्य. तो भूजलाच्या कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत, आणि शिकवायला हवा.

तरी तपासणीचा प्रश्न उरतोच. आयआयटी मुंबईनं राज्याच्या कृषी संजीवनी प्रकल्पासाठी गावनिहाय पाण्याचा ताळेबंद केला. त्यात अपधाव, म्हणजे न मुरता वाहून जाणारं पाणी, काढायला वापरलेली कर्व्ह नंबर पद्धत दिवसाच्या एकूण पावसावर चालते. 60 मिमी दिवसभर रिमझिमत पडला काय नि तासाभरात कोसळला काय, तिला दोन्ही सारखेच. अतिवृष्टी वाढत असताना अशा पद्धतीनं मुरलेलं पाणी जास्त दिसू शकतं. हे पकडायला जलशास्त्रात मुरलेला परीक्षक लागतो. संयुक्त प्रबंधाला प्रत्येक प्रकरणासाठी त्या-त्या विषयाचा स्वतंत्र परीक्षक आणि नापास करण्याचा पूर्ण अधिकार द्या; तेवढं असेल तर पीएचडीपासूनच्या संयुक्त गटाला माझा विरोध नाही.

पाणीवही
चालेल. फक्त त्यात पाचवा परीक्षक एककांसाठी ठेवा. नाहीतर चारही प्रकरणं स्वतंत्रपणे पास होतात आणि त्यांच्यामधला मिमी-घनमीटरचा सांधा कोणीच तपासत नाही.