मदत हवी आहे: म्हातारा-म्हातारी दोघांना एकत्र ठेवणारा निवारा

आमच्या इथे पुलाखाली एक आजोबा-आजी तीन महिन्यांपासून राहतायत, आजोबांच्या पायाला प्लास्टर आहे आणि आजींना नीट दिसत नाही. जागा नेमकी दोन महापालिकांच्या हद्दीवर येते, त्यामुळे हे म्हणतात तिकडे विचारा आणि ते म्हणतात इकडे.

आतापर्यंत केलेलं सांगते. दोन्हीकडच्या वॉर्ड ऑफिसला जाऊन लेखी अर्ज दिला, पोच आहे. ज्येष्ठांच्या १४५६७ हेल्पलाइनवर फोन केला, त्यांनी नोंद घेतली. एका निवाऱ्यात जागा होती पण तो फक्त पुरुषांचा, आणि आजी आजोबांना सोडून जायला अजिबात तयार नाहीत, मलाही ते बरोबर वाटत नाही. मुलं नाहीत, आधार कार्ड हरवलंय, नंबर पाठ नाही. दोघंही कुठलं व्यसन करत नाहीत हेही सांगते कारण सगळे आधी तेच विचारतात. वृद्धाश्रमाचे महिन्याचे पैसे भरणं आम्हाला शक्य नाही.

केंद्राच्या शहरी बेघर निवारा योजनेत लाखभर लोकसंख्येमागे एक निवारा आणि कुटुंबांसाठी, निराधार वृद्धांसाठी वेगळे निवारे असं लिहिलंय हे मी वाचलंय, प्रत्यक्षात कुठे आहे ते कळत नाहीये. पोलिसांना मुद्दाम सांगितलं नाही, भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली उचलून नेतील आणि दोघांची ताटातूट होईल अशी भीती वाटते.

पुणे किंवा मुंबईच्या आसपास जोडप्याला एकत्र घेणारा निवारा कोणाला माहितीये का, आणि हद्दीचा वाद असेल तर नक्की कोणत्या अधिकाऱ्याकडे जायचं, समाज विकास विभाग की थेट जिल्हाधिकारी?