व्हिएतनामला हॉस्टेलात राहायचंय, भाषेची बोंब आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा. डिसेंबरात एका मित्राबरोबर हनोई, होई आन आणि सायगॉन (आताचं हो ची मिन्ह सिटी) असं बारा दिवस जायचं ठरतंय, बजेट बेताचं म्हणून सगळीकडं डॉर्मच (एका खोलीत बरेच बेड). माझं इंग्लिश कामापुरतं आणि रात्रपाळीच्या रिसेप्शनवाल्याचंही तेवढंच असतं, मग दोघांनी एकमेकांकडं बघून नुसतं हसायचं.

अनुभवावरनं सांगतोय. गेल्या वर्षी बँकॉकला रात्री दीडला पोचलो तर हॉस्टेलचं दार बंद, शेजारी नंबर दाबायचं खोकं आणि काचेवर थाईत चिठ्ठी. मोबाईलच्या कॅमेऱ्यानं भाषांतर करायला गेलो तर नेट नाही, भाषा आधीच डाउनलोड करून ठेवायची असते हे तिथं पायरीवर बसून कळलं. तासाभरानं एक पोरगी आली, तिनं कोड दाबला, आत घेतलं. चिठ्ठीत काय होतं, तर कोड ईमेल केलाय! बघतोय तर स्पॅममध्ये. त्या ट्रिपमध्ये थाई शिकलो ती एवढीच, ‘माई फेत’, म्हणजे तिखट नको. कोल्हापुरात हे कुणाला सांगायची सोय नाही.

आता मित्र माळकरी आहे. शाकाहारी खाणं म्हणजे व्हिएतनामीत ‘आन चाय’, एवढं शोधलंय (आपल्या टपरीवर म्हटलं तर चहा येईल), पण तेवढं म्हटल्यावर फिश सॉसपण टाळतात का, का ते वेगळं सांगायला लागतं? का सरळ किचन असलेलं हॉस्टेल बघून भात लावावा?

दुसरं पासपोर्टचं. परदेशी पाहुण्याची पोलिसांकडं नोंद करावी लागते म्हणून मागतात हे ठीक, पण चेकआउटपर्यंत ठेवून घेतात म्हणे. फोटो काढा नि परत द्या, हे न भांडता कसं सांगायचं?

बोलायच्या भानगडीत पडायची तर हिंमतच नाही, सहा सूर आहेत त्या भाषेत, ‘मा’ एका सुरात आई आणि दुसऱ्या सुरात भूत! त्यापेक्षा चिठ्ठ्या छापून न्याव्यात म्हणतोय, रात्री उशिरा येणार आहे, खालचा बेड द्या, लॉकर उघडत नाही, असल्या. कुणी केलंय का असं? असतील तर इथं टाका, आणि ‘माझा मित्र घोरतो, माफ करा’ हे व्हिएतनामीत कसं लिहायचं तेही सांगा.