दार उघडताना हातात पिस्तूल: खबरदारी की आगाऊपणा?

कृष्णाकाठ
गेल्या शनिवारची गोष्ट, अजून डोक्यातनं जाईना म्हणून लिहितोय. आम्ही अमेरिकेत टेक्सासला, ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. बाबा महिन्याभरापूर्वी कराडहून आलेत, वय ७१, ऐकायला जरा कमी येतं. रोज सकाळी फिरायला जातात. आता आमच्या सबडिव्हिजनमधली, म्हणजे वसाहतीतली सगळी घरं एकाच साच्यातली, तीच वीट, तेच लॉन, तीच काळी पत्रपेटी, पहिले काही महिने माझीच गाडी दुसऱ्याच्या ड्राइव्हवेत शिरायची. बाबा एक गल्ली आधीच वळले. बेल दाबली, कुणी येईना, परत दाबली, आणि मग आपल्याकडे दिवसा दार नुसतं लोटलेलं असतं ना, त्या सवयीनं हँडल फिरवून बघितलं.

साठीच्या एका गोऱ्या गृहस्थानं दार उघडलं. डावा हात दाराला, उजवा मांडीमागं. बाबांनी दोन्ही हात जोडून नमस्कार केला. तो क्षणभर बघत राहिला, मग उजवा हात पाठीमागं नेऊन काहीतरी कमरेला खोचलं आणि बाबांच्या सोबत चालत एकेक घर दाखवत त्यांना आमच्या दारात आणून सोडलं. माणूस सज्जन. चहाला थांबला. बुटाची नाडी बांधायला वाकला तेव्हा शर्ट वर सरकला आणि मला पिस्तूल दिसलं. विचारलं तर काही न लपवता म्हणाला की कॅमेऱ्यात आधी फक्त ती टोपी दिसली, हँडल हललं तेव्हा बोट ट्रिगरवर गेलं होतं. टोपी म्हणजे माकडटोपी! डोळे सोडून सगळं झाकलेलं, थंडी होती ना. मग म्हणे खाली बघितलं तर पायात मोजे आणि त्यावर चपला. असा कोण दरोडा घालायला येतो, म्हणून त्यानं दार उघडलं.

म्हणजे बाबा चपलांमुळे वाचले.

माझं म्हणणं एवढंच आहे. भीती वाटत असेल तर दार उघडू नका, आतनं बोला, पोलिसांना ९११ लावा. आणि उघडायचंच असेल तर रिकाम्या हातानं उघडा. दोन्ही एकदम कशाला? दार ही चांगली जाडजूड भिंत असते, ती स्वतःच्या हातानं बाजूला करायची आणि मग धोका आहे म्हणून पिस्तूल धरायचं हे मला पटत नाही.

पहाटपाळी
काका सुखरूप आहेत हे वाचून आधी हुश्श झालं. पण दादा, त्या माणसानं चूक काय केली सांगा ना. पिस्तूल रोखलं नाही, दाखवलंसुद्धा नाही, नीट बघून खात्री केली आणि काकांना घरी पोचवलं. ट्रिगरवर बोट नेलं ही मात्र घोडचूक, आम्हाला पिस्तुलाच्या क्लासात पहिल्या तासाला शिकवलं की गोळी झाडायचा निर्णय होईपर्यंत बोट ट्रिगरपासून लांब, बाहेरच्या बाजूला सरळ. बाकी त्याचं मला काही वावगं वाटत नाही.

मी टेक्सासातच लबकच्या बाहेर राहते, नर्स आहे, नवरा महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर. काही वर्षांपूर्वी रात्री अडीचला कुणीतरी दार बडवायला लागलं, अ‍ॅक्सिडेंट झालाय फोन द्या म्हणून. मी दार उघडलं नाही, तुम्ही सांगता तसंच केलं, आतनंच म्हटलं पोलिसांना फोन लावलाय. तर तो गेला नाही, गॅरेजच्या बाजूचं दार लाथेनं तोडून आत आला. मी मुलीला घेऊन बाथरूममध्ये, हातात कपडे वाळत घालायची काठी. पोलीस यायला एकोणीस मिनिटं. नऊशे अकराच्या बाई फोनवर माझ्याशी बोलत होत्या आणि मी कॉलच्या स्क्रीनवर मिनिटं बघत होते. तो गॅरेजमधली अवजारं घेऊन गेला, घरात आला नाही, माझं नशीब. त्यानंतर मी लायसन काढलं. तेव्हा टेक्सासमध्ये पिस्तूल घराबाहेर बाळगायला ते लागायचं, २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्यांना बहुतेक ठिकाणी तेही लागत नाही, जे मला स्वतःला अजिबात आवडलेलं नाही.

आणि आपल्या लोकांनी तरी हे हसण्यावारी नेऊ नये. २०११ ते २०१४ मध्ये जॉर्जिया, न्यूयॉर्क, ओहायो, मिशिगन, टेक्सास इतक्या राज्यांत एका टोळीनं भारतीय आणि आशियाई घरं हेरून दरोडे घातले होते, घरात सोनं असतं म्हणून. टोळीची मुख्य एक बाई होती, तिला २०१९ मध्ये ३७ वर्षांची शिक्षा झाली. आपलं मंगळसूत्र आणि पाटल्या त्यांच्या हिशेबात होत्या बरं का.

रोखठोक_राणे
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ७१ वर्षांच्या माणसाला परक्या देशात फोनशिवाय, पत्त्याच्या चिठ्ठीशिवाय, माकडटोपी घालून एकट्याला बाहेर सोडलंत तुम्ही, आणि दोष त्या शेजाऱ्याला देताय? त्यानं तर उलट संयम दाखवला. ज्या गावात राहायचं तिथली रीत आधी शिकावी.

कृष्णाकाठ
राणेसाहेब, फोन चार्जिंगला राहिला होता. चूक माझीच आहे, आठवडाभर तीच खातेय मला. पण चुकीची शिक्षा काय असावी याला काही प्रमाण आहे की नाही?

@पहाटपाळी ताई, तुमची गोष्ट वाचून काटा आला. पण नीट बघा, तुमच्याकडे तो दार तोडून आत आला. माझ्याकडे दार वाजलं. या दोन गोष्टी एका तराजूत घालू नका. २०२३ च्या एप्रिलमध्ये कॅन्सस सिटीत १६ वर्षांचा मुलगा धाकट्या भावांना आणायला गेला, चुकीच्या पत्त्यावर बेल दाबली, आतल्या ८४ वर्षांच्या म्हाताऱ्यानं डोक्यात गोळी घातली. पोरगा वाचला हा चमत्कार. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आमच्या ह्यूस्टनमध्येच ११ वर्षांचं पोर बेल वाजवून पळायचा खेळ खेळत होतं, ते गेलं. तो खेळ मी कराडात शनिवार पेठेत शेकडो वेळा खेळलोय, फार तर कुणाची तरी आजी पायतान घेऊन मागं लागायची. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंडियानात घरं साफ करणारी एक बाई नवऱ्याबरोबर चुकीच्या दारात गेली, बंद दाराच्या आतून गोळी आली. बंद दाराच्या, ताई. दार उघडून बघितलंसुद्धा नाही.

आणि हे सगळं आत्ताचंच असंही नाही. १९९२ मध्ये लुइझियानात बॅटन रूजला एक जपानी विद्यार्थी, वय १६, हॅलोविनच्या पार्टीला म्हणून चुकीच्या घरी गेला आणि मारला गेला. ज्यूरीनं घरमालकाला निर्दोष सोडलं. घरमालक ‘फ्रीझ’ म्हणाला होता, पोराला ते कळलंच नसावं. बाबांना तर नीट ऐकूही येत नाही.

पहाटपाळी
ज्यांची नावं तुम्ही घेताय त्यांनी नीट न बघता गोळी झाडली, तुमच्या शेजाऱ्यानं बघितलं. फरक तोच तर आहे. कायदाही काही कुणालाही उडवा म्हणत नाही. टेक्सासमध्ये राहत्या घरात कुणी बेकायदा आणि जबरदस्तीनं घुसत असेल तर घरमालकाची भीती रास्त धरली जाते. बेल वाजवणं म्हणजे जबरदस्ती नव्हे, आमच्या क्लासात एक रिटायर्ड पोलीस होता तो हेच घसा फोडून सांगायचा. कॅन्सस सिटीवाल्यानं शेवटी गुन्हा कबूल केला, ह्यूस्टनवाल्यावर खुनाचा आरोप ठेवला गेला. मुभा दिलेली नाही कुणी.

कृष्णाकाठ
खटला नंतर उभा राहतो हो. दहावा आधी.

बांद्याचो_झिल
आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाचा परवाना, वानर आणि डुकरांसाठी. बंदूक माळ्यावर, दारू वेगळ्या डब्यात, छरे तिसरीकडे, भरायला पाच मिनिटं, तेवढ्यात चोर जेवून हात धुवून गेला असता. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, म्हणजे वर्षाआड बंदूक ठाण्यात आणि डुकरं आमच्या भातात. रात्री दार वाजलं की आजोबा अंथरुणातनंच ओरडायचे, "कोण ता?" नाव, बापाचं नाव, वाडी, एवढं कळल्याशिवाय कडीला हात लागायचा नाही. आता माझ्या मुंबईच्या फ्लॅटला व्हिडिओ डोअरबेल आहे, अ‍ॅपवर वॉचमन विचारतो, ओटीपी, सगळं आहे. पण बायको ओटीपी न बघता दाबते हो म्हणून, कारण दिवसाला सात पार्सलं येतात. कोण ता कोण विचारणार.

पेठेतली_मावशी
पुण्यात माझ्या वहिनीकडे दोघं आले, दागिने पॉलिश करून देतो, आधी तांब्याचा लोटा फुकट घासून दाखवतो म्हणून. लोटा असा चमकवला की वहिनीनं हातातल्या बांगड्या काढून दिल्या. हळदीच्या पाण्यात घालून डबा गॅसवर ठेवा, पंधरा मिनिटं उघडू नका म्हणाले. उघडला तर नुसती हळद. आता इथं पिस्तूल काय करणार होतं? वहिनीनं हसत हसत दार उघडलं, चहासुद्धा विचारला. दारातनं येणारा चोर आपल्याकडे बहुतेक गोड बोलतच येतो. सेफ्टी डोअरला जाळी असते ती बोलण्यासाठी असते, मी गॅसवाल्याशीसुद्धा जाळीतनंच बोलते, लोक मला खडूस म्हणतात ते म्हणोत.

नवीन_बिऱ्हाड
पहाटपाळी ताई, मी डॅलसला आहे, एच-वन व्हिसावर, बायको दिवसभर एकटी असते. कुठलं पिस्तूल घ्यावं सुरुवातीला?

पहाटपाळी
कुठलंच नाही! थांब भाऊ. एच-वन म्हणजे नॉन-इमिग्रंट व्हिसा, त्यावर शिकारीचं चालू लायसन वगैरे ठरावीक अपवाद सोडले तर बंदूक नुसती जवळ ठेवणं हासुद्धा फेडरल गुन्हा आहे, राज्याचा कायदा कितीही ढिला असो. दुकानातल्या फॉर्मवर खोटी टिकमार्क केलीस तर व्हिसा, ग्रीन कार्ड सगळं गेलं. मित्राची ‘तात्पुरती’ ठेवतो हेही नको. मी ग्रीन कार्ड आल्यावरच घेतली. आत्ता चौकटीचे स्क्रू बदल. स्ट्राइक प्लेटला, म्हणजे कुलपाची जीभ अडकते त्या चौकटीवरच्या पट्टीला, बहुतेक घरात पाऊण इंची असतात, तीन इंची घाल म्हणजे लाथ मारणाऱ्याचा पाय मोडेल आधी. माझ्या गॅरेजचं दार त्या टीचभर स्क्रूंमुळेच गेलं होतं.

कलम_सदतीस
नागपुरात वकिली करतो, म्हणून इकडच्यांसाठी दोन शब्द, कारण हे वाचून उद्या कुणीतरी दाराआड तलवार ठेवेल. घरकामाच्या नि शेतीच्या अवजारांखेरीज नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं शस्त्र, सरकारनं तशी अधिसूचना काढलेल्या भागात, विनापरवाना ठेवता येत नाही. परवान्याची बंदूक २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच, आधी तीन चालायच्या. आणि परवाना मिळाला म्हणजे वापरायचा हक्क मिळाला असं कुणी समजू नये.

स्वसंरक्षणाचा हक्क मात्र आहे आणि भक्कम आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४. सूर्यास्तानंतर सूर्योदयाआधी घर फोडून कुणी शिरत असेल तर जिवे मारण्यापर्यंत हक्क जातो, कलम ४१. पण त्यावर कलम ३७ बसलंय, गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हक्कच नाही. दाराबाहेर उभा राहून बेल वाजवणाऱ्यासमोर तुमच्याकडे ११२ लावायला वेळ असतो, सरकारी वकील पहिला प्रश्न हाच विचारणार. तरी कृष्णाकाठ यांचं मला पूर्ण पटत नाही. घरात घुसणाऱ्यापुढे पळ काढा असं आपला कायदाही म्हणत नाही, सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये ते स्वच्छ सांगितलंय. टेक्सासात बसलेल्या माणसानं हात रिकामा ठेवावा हा सल्ला झाला, तो नियम करता येणार नाही.

रोखठोक_राणे
मी तेच म्हणत होतो.

पेठेतली_मावशी
तुम्ही माकडटोपीबद्दल म्हणत होतात.

कृष्णाकाठ
वकीलसाहेब, मान्य, नियम करायला मी निघालो नाही. माझा राग त्या माणसावरही नाही. पण ताई, एक विचारतो. तुमच्या दारात रात्री एखादं सावळं पोर हूडी घालून उभं असेल, तर तुम्हालाही क्षणभर तसंच वाटेल ना? माझा भाचा ऑस्टिनला शिकतो, सहा फूट, दाढी, कायम हूडी. तो वाट चुकला तर त्याच्या पायात चपला नसणार.

पहाटपाळी
हो. वाटेल.

खोटं कशाला बोलू. माझी मुलगी आता सतराची आहे, तीही काळी हूडी घालते आणि किल्ली विसरते. गेल्या महिन्यात रात्री मागच्या दाराशी खुडबुड ऐकून मी पिस्तुलाची तिजोरी उघडायला गेले होते. बोटाचा ठसा पहिल्यांदा लागला नाही, हात ओला होता, भांडी घासत होते. तेवढ्यात ती बाहेरनं ओरडली, आई उघड ना, सू लागलीये.

पिस्तूल अजून आहे माझ्याकडे. विकणार नाही. त्या एकोणीस मिनिटांवर दुसरा उपाय मला कुणी दिलेला नाही. फक्त मुलीला किल्ली गळ्यात अडकवायची सक्ती केलीये आणि मागच्या दाराला कॅमेरा लावलाय. आता आवाज आला की आधी त्यात बघते.

बांद्याचो_झिल
म्हणजे "कोण ता".

पहाटपाळी
हो बाबा, कोण ता.

कृष्णाकाठ
काल तो शेजारी परत आला होता. रिकाम्या हातानं आला असं लिहिणार होतो पण हातात पुडकं होतं. बाबांसाठी लोकरीची टोपी आणलीये, तोंड उघडं राहणारी, लाल रंगाची, लांबून दिसेल अशी. बाबांना फार आवडली. आज सकाळी फिरायला गेले तेव्हा माकडटोपीवरनं घातली होती.