घरच्या सुतारकामातली सांडलवंड: काय सांडलं, कशानं निघालं?

गॅलरीत, गॅरेजात सुतारकाम करणाऱ्यांनी आपापली पद्धत लिहा. पुसलेल्या चिंध्यांचं पुढे काय करता, तेही लिहा.

*

लाकडाला लावायचं बॉइल्ड जवस तेल सांडलं की हात आधी भुशाकडे जातो. तो आवरा. हे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. फरशीवरच्या पातळ थरातली उष्णता उडून जाते, पण भुशाच्या ढिगात किंवा चिंध्यांच्या बोळ्यात ती कोंडते आणि काही तासांत ठिणगीशिवाय आग लागते. म्हणून तेल पुठ्ठ्यानं कडेकडून मध्ये ओढून पत्र्याच्या डब्यात भरा, उरलेलं कोरड्या वाळूनं टिपा, मग साबणाचं कोमट पाणी. चिंध्या एकेक उलगडून बाहेर दोरीवर टाका, एकीवर दुसरी नको. पार कडक झाल्या की मगच कचऱ्यात. जागा नसेल तर पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. पिशवीत कोंबून रात्रभर घरात ठेवणं सर्वांत वाईट.

*

फेविकॉल फरशीवर ओला असेल तर सनमायकाच्या तुकड्यानं खरवडा आणि ओल्या फडक्यानं पुसा. वाळलेल्यावर गरम पाण्याचं फडकं अर्धा तास ठेवा. व्हिनेगरनंही तो मऊ होतो, पण शहाबादी किंवा कोटा फरशीवर नको. दोन्ही चुनखडीचे दगड, आम्लानं डाग कायमचा पडतो.

लाकडावर मात्र ओलं फडकं फिरवू नका. पातळ झालेला गोंद रेषांत शिरतो आणि तिथे पॉलिश धरत नाही. रबरासारखा होऊ द्या, मग पटाशीनं सालीसारखा निघतो.

*

स्पिरिट, थिनर सांडलं तर व्हॅक्यूम लावायचाच नाही, त्याच्या मोटरीत ठिणग्या उडतात. वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते. गॅसची शेगडी बंद, खिडक्या-दारं उघडी, जवळच्या बटणांना हात नको, पंख्याच्याही नाही. चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) वाळलेला डाग स्पिरिटनं पुन्हा विरघळतो. मेलामाइन पॉलिश मात्र ओलं असतानाच थिनरनं पुसून घ्या, एकदा पक्कं झालं की खरवडणंच उरतं.

*

कालवलेलं इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं) सांडलं तर गोळा करून परत कपात भरू नका, एकगठ्ठा राहिलं की तापून धुरावतं. पातळ पसरवून कागदानं टिपा, मग ॲसिटोन. हातात नायट्राइलचे मोजे हवेत.

फेविक्विक सुती फडक्यानं पुसू नका! सुतावर ते झटकन तापतं, बोटं भाजतात.