स्कूटर घेताय? आधी डबल स्टँडला लावून बघा (अनुभव धागा)

येत्या पाडव्याला माझ्यासाठी स्कूटर घ्यायची आहे. 'माझ्यासाठी' मुद्दाम लिहिलंय, कारण आजवर घरात आलेली प्रत्येक गाडी दुसऱ्या कुणाची तरी होती आणि मी मागे पिशव्या धरून बसायचे. वय ४७, उंची पाच फूट एक इंच. पंधरा वर्षांपूर्वी नणंदेची स्कूटी चालवायचे, सराव म्हणाल तर तेवढाच. राहायला सिंहगड रोड, ऑफिस जाऊन-येऊन १४ किलोमीटर, शनिवारी मंडई.

परवा शोरूमला जाऊन आलो. तिथला मुलगा मला रंग दाखवत होता, नवरा ॲव्हरेज विचारत होता. मी मधल्या वेळेत एका गाडीवर बसून बघितलं तर टाचा टेकेनात. कुणालाच त्यात काही विशेष वाटलं नाही.

तर अनुभव लिहा. कोणती कंपनी भारी ते नको, त्यावर दोनशे प्रतिसादांचं भांडण होतं. गाडी घेण्याआधी जे कळायला हवं होतं आणि नंतर कळलं, ते लिहा. नावं नकोत, गाव लिहिलंत तरी पुरे. रत्नागिरीच्या गाडीची दुखणी वेगळी, नागपूरच्या गाडीची वेगळी.

डोंबिवली

ताई, टाचांचं तिथेच कळलं हे नशीब. मला गाडी घरी आल्यावर कळलं. कागदावरची सीटची उंची बघून फसू नका. बहुतेक स्कूटर ७६० ते ७८० मिलिमीटरच्या आसपास असतात, पण सीट पुढून रुंद असली की मांड्या फाकतात आणि तेवढ्याच उंचीवर पाय अधांतरी राहतात. शोरूममध्ये चपला घालून बसा, रोज घालता त्याच.

आणि वजन. ॲक्टिव्हा साधारण १०६ किलो, फॅसिनो १२५ चं ९९ किलो. सात किलोत काय असतं असं वाटतं. आमच्या सोसायटीत पार्किंगला उतार आहे आणि दोन गाड्यांत वीतभर जागा. तिथून रोज सकाळी गाडी उलटी ओढत चढावर काढायची म्हणजे ते सात किलो बरोबर कळतात. हँडलची रुंदी ७० सेंटीमीटरच्या घरात असते. आपली जागा टेपने मोजून मग जा.

डबल स्टँडला लावताना हाताने उचलायचं नसतं, हे मला वॉचमनकाकांनी शिकवलं. गाडी सरळ धरायची, स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला लागलेत असं जाणवलं की पायाने त्याच्या दांड्यावर अख्खं वजन द्यायचं. उजवा हात मागच्या हँडलला नुसता धरायला. गाडी आपोआप मागे चढते. सहा महिने मी कंबर मोडून घेत होते.

कोल्हापूर

नवीन शिकणाऱ्यांनी हे वाचाच. गाडी चालू ठेवून ढकलायची नाही. गेटात लावताना मी सीटवरून उतरलो, इंजिन चालू, उजव्या हातानं हँडल धरून गाडी जरा पुढं घ्यायला गेलो. वजन हातावर आलं, मूठ फिरली. गिअरची गाडी न्यूट्रलला असती तर नुसती कोकलली असती. ही सुटली की सरळ, मला घेऊन तुळशीच्या कट्ट्यावर. पुढचा मडगार्ड, एक आरसा आणि माझ्या उजव्या पायाचा अंगठा. आई आतून ओरडली, "कट्टा बघ रे आधी!"

बायकोला शिकवताना मी पहिले दोन दिवस फक्त एवढंच करून घेतलं: थांबायचं, ब्रेक धरायचा, किल्ली बंद, मग उतरायचं. साइड स्टँड लावला की इंजिन बंद पडतं अशी सोय आता बऱ्याच गाड्यांत असते. ती बघूनच घ्या.

नाशिक

मी गेल्या पाडव्यालाच गाडी घेतली, म्हणून सांगतो, पाडव्याला घेऊ नका. पूजा पाडव्याला करा, गाडी आठ दिवस आधी ताब्यात घ्या. त्या दिवशी शोरूमबाहेर हार घातलेल्या गाड्यांची रांग, पेढे, फोटो, आणि तुमच्या गाडीच्या डाव्या पॅनेलवरचा ओरखडा घरी आल्यावर दिसतो. मग कोण ऐकतंय? आदल्या दिवशी उजेडात जाऊन गाडी बघा. चेसिस नंबर कागदावर उतरवून घ्या आणि बिलावरच्या नंबराशी ताडून बघा. गाडी कोणत्या महिन्यात बनली तेही विचारा.

आता बिल. एक्स-शोरूम, रोड टॅक्स, पासिंग आणि विमा, याच्या पलीकडची प्रत्येक ओळ बोटाने दाखवून विचारायची. माझ्या बिलात 'हँडलिंग' नावाचे पंधराशे होते. कसले, म्हणून विचारलं तर "सगळ्यांकडूनच घेतो". लेखी द्या म्हटल्यावर गेले. ॲक्सेसरीजचं पाकीट ४,२०० चं: सीट कव्हर, मॅट, चारी बाजूंनी लोखंडी गार्ड. गार्डने गाडी रुंद होते, मग वरच्या डोंबिवलीच्या ताईंच्या पार्किंगात ती शिरणार कशी?

विम्याचं नीट समजून घ्या. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा घ्यावाच लागतो. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र एकेका वर्षाचा घेता येतो, आणि विमा शोरूमकडूनच घ्या अशी सक्ती नाही. मी बाहेरून घेतला. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारा विमा, मात्र घ्या. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, आणि स्कूटर म्हणजे चाकं सोडली तर प्लास्टिकच.

हेल्मेटही मागा. दुचाकीसोबत आयएसआयचं हेल्मेट द्यायचं असं केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ मध्येच लिहिलंय. मागितलं तर आतून आणून देतात, नाही मागितलं तर आतच राहतं.

अजून एक. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. त्याआधी घेतलेल्या मेव्हण्याच्या बिलावरून बजेट ठरवू नका.

ठाणे

बँकेत होतो, म्हणून फक्त हप्त्याबद्दल. शोरूममध्ये टेबल टाकून बसलेला मुलगा "दहा टक्के फ्लॅट" (म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज) म्हणतो तेव्हा मोबाइलवर लगेच हिशोब करा. एक लाख, तीन वर्षं: व्याज ३०,०००, हप्ता ३,६११. तेच दहा टक्के घटत्या शिलकीवर असते तर हप्ता ३,२२७ आणि एकूण व्याज सोळा हजारांच्या आसपास. म्हणजे तो फ्लॅट दहा टक्के प्रत्यक्षात अठराच्या घरात जातो. सोसायटीची पतपेढी असेल तर आधी तिथे विचारा. आणि कर्ज फिटलं की आरसीवरचा (गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा) कर्जाचा बोजा उतरवून घ्या. लोक हप्ते फेडून विसरतात आणि गाडी विकायच्या दिवशी धावपळ करतात.

पुणे, सदाशिव पेठ

तुमचं सगळं वाचून हसू येतंय. आम्ही बजाजच्या चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितली, रंग विचारायची हिंमत नव्हती. सकाळी ती सुरू होईना की डावीकडे आडवी करायची, सरळ करायची आणि किक. मग १९८४ ला कायनेटिक होंडा आली, बटण दाबलं की चालू, गिअर नाहीत. आमचे शेजारी म्हणाले होते, ही बायकांची गाडी. दोन वर्षांनी त्यांनीच घेतली. विषयाला सोडून आहे, क्षमस्व.

सातारा

गॅरेज आहे माझं, वीस वर्षं. लोक घेताना मायलेज विचारत्यात, घेतल्यावर फक्त इंजिन ऑइल बदलत्यात. गिअर नाही म्हणजे गिअर ऑइल नाही असं नसतंय. मागच्या चाकापाशी वेगळी पेटी असते, शंभर-सव्वाशे मिली ऑइल लागतं. सर्व्हिसिंगच्या बिलात ते दिसलं नाही तर विचारा.

आत साखळी नाही, रबराचा बेल्ट आहे. वीस ते चोवीस हजार किलोमीटरला बदलायचा. तुटला की इंजिन चालू, मूठ पिळली की आवाज येतोय, गाडी जागची हलत नाही. खंबाटकीत मध्यावर अशी अडकलेली माणसं मी टेम्पोत घालून आणलीत.

चढावर सिग्नलला मूठ धरून गाडी तोलत उभं राहू नका, क्लच जळतो. ब्रेक धरा. आणि घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणारे हात जोडून सांगतो थांबा. गिअरच्या गाडीला इंजिन जसं मागं ओढून धरतं तसं ही धरत नाही, सगळा भार ब्रेकवर. दोन्ही ब्रेक, थोडे थोडे, सोडून सोडून. १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना २०१९ पासून कॉम्बी ब्रेक आहे, डावा दाबला की पुढचाही थोडा लागतो, पण म्हणून उजवा विसरायचा नाही.

चाक दहा इंची का बारा, तेही बघा. खड्ड्यात फरक पडतो.

रत्नागिरी

मॅट! नाशिककरांनी लिहिलेली ती पाकिटातली रबरी मॅट पावसाळ्यात काढून ठेवा. तिच्याखाली पाणी साचतं, बाहेरून काही दिसत नाही. माझ्या जुन्या गाडीचा पायाखालचा पत्रा तिसऱ्या गणपतीला अंगठ्याने दाबला तर आत गेला. आता जून ते सप्टेंबर मॅट पडवीत टांगलेली असते.

दुसरं, आमच्याकडे गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी असते. बॅटरी छोटी, बसते. किक असेल तर बरं असं सगळे म्हणतात, पण २०२० नंतरच्या बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाड्यांत पेट्रोलचा पंप विजेवर चालतो. बॅटरी पार मेली असेल तर बऱ्याचदा किक मारून पाय दुखतो, बाकी काही होत नाही. घरी कुणी असेल तर दोन-तीन दिवसांनी दहा मिनिटं फिरवून आणायला सांगा. आणि हवेचा फिल्टर उघडायला लावा कधीतरी. आमच्यात उंदराने आतमध्ये काजूची टरफलं साठवली होती.

नागपूर

इलेक्ट्रिकबद्दल कुणीच कसं बोलून नाही राहिलं? माझी तीन वर्षं झाली. रोजचं तीस किलोमीटर, पेट्रोल पंप विसरलो, हे खरं आहे. पण जाहिरातीतला आकडा आणि डबलसीट, बाजारातली गर्दी, मे महिन्यातलं ४५ अंश, यात सरळ पंचवीस-तीस टक्के सोडून द्या. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावत नाही, तासभर सावलीत ठेवतो.

घेण्याआधी गाडी नाही, प्लग बघा. माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. खाली १५ अँपियरचा पॉइंट घ्यायला सोसायटीच्या दोन मीटिंगा आणि एक भांडण लागलं, तोवर गाडी येऊन उभी होती. एकदा डिस्प्ले गेला तर पार्ट यायला पाच आठवडे. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण सर्व्हिस सेंटर गावात आहे का, एवढं विचारून पुरत नाही. तिथे बाहेर उभ्या असलेल्या माणसाला विचारा, कधीपासून येतोय.

आणि २५ किलोमीटरच्या वेगाची, २५० वॅटची, बिनपासिंगची गाडी म्हणून जे विकतात, ती खरंच तेवढीच आहे ना ते बघा. वेग वाढवून दिलेली असेल तर अपघातात विमा नाही, पासिंग नाही, काही नाही.

सांगली

सेकंड हँड घेणाऱ्यांसाठी. आमच्याकडे २०१९ आणि २०२१ ला पाणी आलं. पुरात बुडालेल्या गाड्या नंतर धुऊन पुसून विकल्या गेल्या, दूरच्या गावांतसुद्धा. सीट उघडून बिजागरी बघा, बॅटरीच्या कप्प्यात बोट फिरवा, हेडलाइटच्या काचेत आतून तपकिरी रेघ आहे का बघा. ती रेघ म्हणजे पाणी कुठवर होतं त्याची खूण. मी ती बघितली होती आणि "धूळ असेल" म्हणून सोडून दिली होती.

कागदांचं: गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बोजा उतरवायचा ३५ आणि बँकेचं पत्र. ई-चलन बाकी आहे का ते नंबर टाकून तिथल्या तिथे बघा. एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलीय का? विकणाऱ्यानेही झोपून राहू नये. मी जुनी गाडी ओळखीत दिली, नावावर करून घेतली नाही. दोन वर्षं मिरजेतल्या सिग्नलची चलनं माझ्या मोबाइलवर यायची. फोटोत एक अनोळखी मनुष्य, मागे बकरी.

पिंपरी

एक छोटा प्रश्न आणि उत्तर मीच देतो. मुलगी सतरा वर्षांची, कॉलेजला गाडी हवी म्हणते. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं खरं, पण ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. ११० ची नाही चालत. अल्पवयीन मुलाने चालवली तर पालकाला २५,००० दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. दुकानदार यातलं काही सांगत नाही. तो म्हणाला, "सगळे चालवतात साहेब." मुलगी सध्या सायकलवर आणि माझ्यावर रुसलेली.

सिंहगड रोड, पुन्हा मीच

सगळ्यांचे आभार. आज शोरूमला एकटी गेले. तिथल्या मुलाने गाडी स्टँडवरून काढून दिली तेव्हा म्हटलं, परत लाव, मी काढते. मग लावूनही दाखवते. तो जरा बाजूला झाला. पहिल्यांदा घसरली, दुसऱ्यांदा मीच घाबरले, तिसऱ्यांदा दांड्यावर उभीच राहिले आणि गाडी खट्‌कन मागे गेली. शेजारी रिसेप्शनवरची मुलगी टाळ्या वाजवायला लागली.

'हँडलिंग' इथेही होतं, अठराशे. बोट ठेवलं.

गाडी अजून ठरली नाही, दोन उरल्यात. शनिवारी दोन्ही ट्रायलला घरी मागवल्यात, आमच्या पार्किंगच्या उतारावर. नवरा विचारतोय, ॲव्हरेज किती देते ते विचारलंस का. नाही विचारलं.